रोख मोबाईलवर, उधार नाक्यावर

महिन्याचा किराणा नाक्यावरच्या दुकानातून घ्यावा की मोबाईलवरून मागवावा, हा प्रश्न आता घराघरांत निघू लागला आहे. घरातली तरुण मंडळी म्हणतात, मोबाईलवर माल स्वस्त मिळतो आणि दारात येतो. वडीलधारी म्हणतात, नाक्यावरचा दुकानदार अडीअडचणीला उपयोगी पडतो, त्याला सोडू नये. दुकानदाराला विचारावे तर तो म्हणतो, आता धंद्यात काही राहिले नाही. तिघांचेही म्हणणे खरे आहे, पण प्रत्येकाचे अर्धेच खरे आहे.

आमच्या मते ही चर्चाच चुकीच्या ठिकाणाहून सुरू होते. एका पाकिटाचा भाव इकडे किती आणि तिकडे किती, एवढेच आपण पाहतो. पाहायला हवा तो महिन्याचा पूर्ण हिशेब. त्या हिशेबात कोणती सोय कोण पुरवतो आणि त्या सोयीचे पैसे कोण भरतो, हेही पाहायला हवे. सोय कुठलीच फुकट नसते. तिची किंमत कधी बिलावर छापलेली असते, कधी मालाच्या भावात मिसळलेली असते, तर कधी ती दुसऱ्याच कोणाच्या खिशातून जात असते.

बाजार कसा बदलला?

किराणा दुकानदाराला स्पर्धा नवी नाही. २००२ साली मुंबईत पवईला डी-मार्टचे पहिले दुकान उघडले. त्यानंतर मोठ्या दुकानांच्या साखळ्या शहरोशहरी पसरल्या. तेव्हाही छोटी दुकाने आता बंद पडणार असे बोलले गेले. काही पडली, पण बहुसंख्य टिकली. कारण मोठे दुकान लांब होते, तिथे जायला वेळ आणि भाडे लागे, आणि पाव किलो साखरेसाठी तिथे कोणी जात नसे. भाव त्यांचा, सोय आमची, अशी वाटणी आपोआप झाली होती.

२००७ साली फ्लिपकार्ट पुस्तके विकत बाजारात आली आणि २०१३ साली ॲमेझॉनने भारतात विक्री सुरू केली. तरीही किराणा माल बराच काळ सुरक्षित राहिला. २०१६ साली यूपीआय आले आणि मोबाईलवरून पैसे देण्याची सवय पसरली. २०२० च्या टाळेबंदीत लाखो कुटुंबांनी प्रथमच धान्य आणि भाजी मोबाईलवर मागवली. २०२१ पासून मात्र खेळच बदलला. ब्लिंकिट, झेप्टो, इन्स्टामार्ट यांसारख्या कंपन्यांनी वस्तीजवळच छोटी गोदामे उघडली. या गोदामांत गिऱ्हाईक जात नाही. तिथून फक्त माल बांधून दुचाकीवर पाठवला जातो, तोही काही मिनिटांत. जवळीक हे नाक्यावरच्या दुकानाचे सर्वांत मोठे भांडवल होते. त्याच्यावरच हा घाव आहे.

ही झटपट सेवा आज मुख्यतः मोठ्या शहरांत आहे. कोकणातल्या खेड्यात किंवा मराठवाड्यातल्या तालुक्याच्या गावी किराणा दुकानाला आजही पर्याय नाही. पण मुंबई, ठाणे, पुणे येथे जे घडते ते पुढे लहान शहरांत पोचते, हा आजवरचा अनुभव आहे.

पडद्यावरचा भाव आणि हातातले बिल

मोबाईलच्या पडद्यावर जो भाव दिसतो तो मालाचा असतो, व्यवहाराचा नसतो. पैसे भरण्याच्या वेळी त्यात पोचवण्याचा आकार, हाताळणीचा आकार, लहान ऑर्डरचा आकार, पावसाचा किंवा गर्दीचा आकार असे एकेक कलम जमा होत जाते. २२ सप्टेंबर २०२५ पासून ॲपमार्फत होणाऱ्या स्थानिक घरपोच सेवेवर १८ टक्के जीएसटी भरण्याची जबाबदारीही या कंपन्यांवर आली आहे. हा कर शेवटी कोणाच्या बिलात येणार हे सांगायला नको.

अमुक रकमेचा माल घेतला तर पोचवणूक मोफत, ही दुसरी गोष्ट. दूध आणि अंडी हवी असतात, पण आकार वाचवण्यासाठी आपण बिस्किटे, चिवडा आणि एखादा साबण टोपलीत टाकतो. पंचवीस रुपये वाचवायला शंभर रुपये खर्च होतात आणि वर बचत केल्याचे समाधान मिळते.

केंद्र सरकारने ३० नोव्हेंबर २०२३ रोजी ग्राहकांना फसवणाऱ्या अशा युक्त्यांविरुद्ध मार्गदर्शक तत्त्वे जाहीर केली. त्यात तेरा प्रकार नोंदवलेले आहेत. भाव आधी कमी दाखवून शेवटी आकार वाढवणे, न विचारता टोपलीत वस्तू टाकणे, 'आता थोडाच माल शिल्लक आहे' असे खोटे सांगून घाई करायला लावणे, हे सारे त्यात येते. म्हणजे ही तक्रार आमच्या कल्पनेतली नाही, सरकारनेही तिची दखल घेतली आहे.

आणखी एक साधी गोष्ट. तूरडाळ, तांदूळ, पीठ यांसारखा माल कारखान्यात पाकिटबंद होऊन छापील लेबलासह आला, तर २५ किलोपर्यंतच्या पाकिटावर १८ जुलै २०२२ पासून ५ टक्के जीएसटी लागतो. दुकानदाराने पोत्यातून सुटा मोजून दिलेल्या त्याच मालावर तो लागत नाही. मोबाईलवर मिळते ते बहुतेक पाकीटच. तेव्हा धान्य-कडधान्याच्या बाबतीत 'ऑनलाइन म्हणजे स्वस्त' हे डोळे मिटून मानू नये. प्रत किलोचा भाव काढावा, मालाची जात व प्रत पाहावी आणि मग बोलावे.

तरीही साबण, तेल, चहा, डायपर, टूथपेस्ट अशा छापील मालात ऑनलाइन भाव पुष्कळदा खरोखरच कमी असतो. त्याची कारणेही समजून घेतली पाहिजेत. या कंपन्यांचा माल घाऊक प्रमाणात येतो, मधले हात कमी असतात, आणि मालाचे उत्पादक आपली जाहिरात दिसावी म्हणून त्यांना वेगळे पैसे देतात. शिवाय यातील अनेकांनी गुंतवणूकदारांच्या पैशावर वर्षानुवर्षे तोटा सोसून गिऱ्हाईक जोडले आहे. नाक्यावरच्या दुकानदाराला तोटा सोसायचा तर तो घरातले विकूनच सोसावा लागेल. २०१६ साली आणि पुन्हा २०१८ च्या अखेरीस केंद्र सरकारने परदेशी गुंतवणूक असलेल्या ऑनलाइन बाजारांवर बंधने घातली. अशा बाजाराने स्वतःचा माल विकू नये आणि भावावर प्रत्यक्ष वा अप्रत्यक्ष परिणाम घडवू नये, असा नियम आहे. २०२४ साली माल वितरकांच्या अखिल भारतीय महासंघाने झटपट सेवेच्या कंपन्या तोट्यात माल विकून स्पर्धा मारतात, अशी तक्रार स्पर्धा आयोगाकडे नेली. निवाडा व्हायचा तेव्हा होईल. गिऱ्हाइकाने मात्र एवढे ओळखावे की परक्याच्या तोट्यावर मिळणारी सूट ही कायमची मिळकत नव्हे.

दुकानाच्या भावात काय काय असते?

आता दुकानाकडे वळू. दुकानदार दोन रुपये जास्त घेतो, अशी तक्रार असते. त्या दोन रुपयांत काय येते? दहा रुपयांचे तेल, पाच रुपयांची हळद, अर्धा डझन अंडी सुटी मिळतात. पीठ खराब निघाले तर पुडा उघडलेला असूनही तो बदलून देतो. मुलाच्या हाती चिठ्ठी पाठवली तर माल मिळतो. आणि सर्वांत मोठी गोष्ट म्हणजे उधारी.

आपल्या वस्त्यांत महिन्याचा बांधलेला पगार असलेली घरे थोडी. भिवंडी-मालेगावचा यंत्रमाग कामगार, रिक्षावाला, गवंडी, फळविक्रेता, घरकाम करणारी बाई यांचे पैसे आठवड्याने किंवा रोजच्या रोज येतात, आणि कधी येतच नाहीत. माग बंद पडतात तेव्हा चूल बंद पडत नाही, याचे कारण नाक्यावरची उधारीची वही आहे. कोणताही कागद न मागता, कोणताही जामीन न घेता आणि व्याजाचा एक पैसा न लावता ही उधारी दिली जाते.

मोबाईलवरही आता 'आज घ्या, नंतर द्या' अशा योजना आहेत. पण ते कर्ज आहे. मुदत चुकली की दंड लागतो आणि अनेक ठिकाणी व्याजही. अशा कर्जांत ग्राहकांची लुबाडणूक होऊ लागल्यामुळेच रिझर्व्ह बँकेला २०२२ साली मोबाईलवरील कर्जासाठी स्वतंत्र नियम करावे लागले. ज्या वाचकांना व्याजापासून दूर राहायचे आहे त्यांनी या बटणावर बोट ठेवण्यापूर्वी अटी वाचाव्यात. बिनव्याजी उधार देणारा माणूस नाक्यावर बसलेला असताना दाणागोटा व्याजावर आणणे हे आम्हाला समजू शकत नाही.

खरा घाव येथे आहे

मात्र आमची मुख्य तक्रार कंपन्यांविरुद्ध नाही. ती आपल्याच व्यवहाराविषयी आहे. हातात पैसा असतो तेव्हा माल मोबाईलवरून येतो, आणि पैसा संपतो तेव्हा दुकानदाराची आठवण होते. रोख तिकडे जाते, उधार इकडे राहते. याचा परिणाम आकड्यांत पाहू.

समजा, एका दुकानदाराची शंभर गिऱ्हाइके आहेत आणि प्रत्येक घराचा महिन्याचा किराणा सहा हजारांचा आहे. म्हणजे विक्री सहा लाखांची. सरासरी दहा टक्के सुटतात असे धरले तर साठ हजार रुपये हाती येतात. त्यातून भाडे, वीजबिल, एका मुलाचा पगार आणि स्वतःचे घर चालते. प्रत्येक घर दोन हजारांचा माल उधारीवर नेते असे धरले तर दोन लाख रुपये अडकतात, पण बाकीचे चार लाख रोख येतात आणि त्यावर वितरकाचे देणे फिटते.

आता हीच शंभर घरे चार हजारांचा रोखीचा माल मोबाईलवरून मागवू लागली आणि दोन हजारांची उधारी दुकानातच ठेवली, तर काय होईल? विक्री दोन लाखांवर आली. सुटले वीस हजार. भाडे तेच, वीजबिल तेच. उधारी मात्र पूर्वीइतकीच दोन लाख. पूर्वी विक्रीचा एक तृतीयांश भाग अडकलेला होता, आता संपूर्ण विक्रीच अडकली. वितरक तर थांबायला तयार नाही. हा दुकानदार दोनच गोष्टी करू शकतो. एक तर उधारी बंद करील, नाहीतर दुकान बंद करील. दोन्हींत पहिला मार बसतो तो ज्याच्या हातात रोख नाही त्याला. रोखीने माल घेणाऱ्या घराला पर्याय असतात, उधारीवर जगणाऱ्या घराला नसतात.

दुसऱ्या बाजूचा हिशेबही प्रामाणिकपणे मांडला पाहिजे. चार हजारांच्या मालावर मोबाईलवर आठ टक्के सूट मिळाली तर ३२० रुपये वाचतात. महिन्यात पाच वेळा पंचवीस रुपयांचा आकार पडला तर १२५ रुपये गेले. उरले १९५ रुपये, आणि तेही विनाकारण काही घेतले नसेल तर. गरीब घराला १९५ रुपये ही लहान रक्कम नाही आणि ती वाचवणाऱ्याला आम्ही दोष देणार नाही. पण अडचणीच्या महिन्यात दोन हजारांची बिनव्याजी उधारी मिळण्याची किंमत १९५ रुपयांहून जास्त आहे की कमी, हे ज्याने त्याने आपल्या घराकडे पाहून ठरवावे.

दुकानदारांनाही दोन शब्द

याचा अर्थ दुकानदाराची बाजू निर्दोष आहे असा मुळीच नाही. गिऱ्हाईक केवळ स्वस्तासाठी गेलेले नाही. मोबाईलवर भाव लिहिलेला असतो, दुकानात तो तोंड पाहून सांगितला जातो अशी लोकांची भावना आहे. दुधाच्या पिशवीवर थंड करण्याचे म्हणून छापील किमतीपेक्षा एक-दोन रुपये जास्त घेतले जातात. कमाल किरकोळ किमतीपेक्षा जास्त घेणे हा कायद्याने गुन्हा आहे, मग तो एक रुपया का असेना. मुदत संपत आलेला माल पुढे सरकवला जातो, बिल मागितले तर कपाळाला आठ्या पडतात. घरातल्या बायकांना काउंटरवरच्या गर्दीत उभे राहून काही वस्तू मागायला संकोच वाटतो. वृद्ध माणसाला पाच किलोची पिशवी तिसऱ्या मजल्यावर नेता येत नाही. त्यांनी मोबाईलचा रस्ता धरला तर त्यांना बेईमान म्हणता येणार नाही. गिऱ्हाइकाच्या दयेवर दुकान चालत नाही. ते चालते चोख मालावर, चोख मापावर आणि गोड जिभेवर. व्यापारी बंधूंनी पुढील गोष्टी करून पाहाव्यात, असे आम्ही सुचवतो.

१. रोज लागणाऱ्या वीस-पंचवीस वस्तूंचे भाव फळ्यावर लिहावेत आणि तोच फळा व्हॉट्सॲपवरून गिऱ्हाइकांना पाठवावा. भाव उघडा झाला की निम्मा संशय जातो.

२. ठरावीक रकमेच्या वर माल घरपोच द्यावा. दहा मिनिटांची घाई नको. सकाळी एक फेरी आणि संध्याकाळी एक फेरी पुरेशी आहे. परिसरातल्याच मुलाला काम मिळेल आणि त्याला जीव मुठीत धरून गाडी पळवावी लागणार नाही.

३. रोखीने माल नेणाऱ्याला दोन-तीन टक्के सूट द्यावी. आज रोखीवाला आणि उधारीवाला एकच भाव देतात, म्हणजे उधारीचा बोजा रोखीवाल्यावर पडतो. म्हणूनच तो आधी निघून जातो.

४. उधारीला मर्यादा असावी आणि ती लेखी असावी. दुकानाची वही आणि गिऱ्हाइकाची वही दोन्हींत नोंद हवी. देण्याघेण्याचा व्यवहार लिहून ठेवावा ही शिकवण आपल्याला नवी नाही. आपण ती पाळत नाही, एवढेच.

५. एका परिसरातल्या आठ-दहा दुकानदारांनी मिळून साखर, तेल, तांदूळ घाऊक बाजारातून एकदम उचलावा. एकट्याने दोन पोती घेणाऱ्याचा भाव आणि दहा जणांनी मिळून वीस पोती घेणाऱ्यांचा भाव यांत फरक पडतो. आपल्यातला एकमेकांवरचा अविश्वास हाच यातला मोठा अडथळा आहे.

६. ज्यांना जमेल त्यांनी स्वतःही ऑनलाइन विक्री करून पाहावी. जीएसटी नोंदणी लागू न होणाऱ्या छोट्या विक्रेत्यांना १ ऑक्टोबर २०२३ पासून काही अटींवर राज्यातल्या राज्यात अशा बाजारांतून माल विकता येतो. २०२१ च्या अखेरीस स्थापन झालेले ओएनडीसी हे खुले जाळे छोट्या दुकानदाराला मोठ्या कंपनीच्या दारात न जाता विक्री करता यावी, याच हेतूने उभारलेले आहे. त्यात नफा किती हे सांगणारे पुष्कळ भेटतील. आपण आपल्या मालाचा आणि खर्चाचा हिशेब करूनच उतरावे.

ग्राहकांनी काय करावे?

ग्राहकांना आम्ही बहिष्काराचा सल्ला देत नाही. ज्याला जिथे परवडते तिथे त्याने घ्यावे. मात्र घेण्यापूर्वी हिशेब करावा. पाकिटाची किंमत पाहू नये, प्रत किलो किंवा प्रत लिटर भाव पाहावा. पाकिटावर तो आता छापलेला असतो. एक महिनाभर दोन्ही ठिकाणची बिले जपून ठेवावीत आणि सर्व आकारांसह बेरीज करावी. महिन्याचा माल एकदाच मागवावा, म्हणजे रोजचा आकार वाचतो आणि अनावश्यक खरेदीही टळते. दुकान असो वा ॲप, मुदतीची तारीख पाहिल्याशिवाय माल ठेवून घेऊ नये. २०२५ च्या जून महिन्यात धारावीतल्या अशाच एका झटपट सेवेच्या गोदामाचा परवाना अन्न व औषध प्रशासनाने अस्वच्छतेसारख्या कारणांवरून निलंबित केला होता. चकचकीत पडद्यामागे गोदाम कसे आहे ते आपल्याला दिसत नाही. फसवणूक झाली तर १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार करता येते. पाच लाखांपर्यंतच्या खरेदीबद्दल ग्राहक आयोगात तक्रार करायला शुल्कही लागत नाही.

आणि एक गोष्ट आम्ही आग्रहाने सांगतो. ज्या दुकानातून आपण उधार घेतो, त्या दुकानातून रोखीचाही काही माल घ्यावा. सगळा नाही, निदान निम्मा तरी. आणि मोबाईलवर पैसे भरण्यापूर्वी दुकानदाराचे मागचे देणे फेडावे. ज्याचे देणे अंगावर आहे त्याच्या दारावरून दुसऱ्याच्या रोखीच्या मालाची पिशवी घेऊन जाणे व्यवहारात बसत नाही आणि माणुसकीतही बसत नाही.

भाव हा एका दिवसाचा असतो, पत वर्षानुवर्षांची असते. नाक्यावर पत देणारे दुकान राहावे असे वाटत असेल, तर येत्या महिन्याच्या किराण्याची यादी करताना तिचे दोन भाग करावेत आणि रोखीचा एक भाग त्या दुकानासाठी ठेवावा.